‘डेड ऑफ नाइट’मधली गोल्फची गोष्ट कापावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही चौघं मिळून चार छोट्या भयकथांचा एक चित्रपट करताय. तयारी म्हणून ‘डेड ऑफ नाइट’ हा १९४५ चा ब्रिटिश भयपट पाहिलात. शववाहिकेची आणि बोलक्या बाहुलीची गोष्ट आवडली, आरशाची बरी वाटली, ख्रिसमसची ‘एवढंच?’ वाटली, आणि गोल्फची पाहून डोक्याला हात लावलात. आता विचारताय की एकाच चित्रपटात गोष्टींचा सूर इतका वरखाली कसा चालतो, कच्ची गोष्ट सरळ कापून का टाकू नये आणि क्रम ठरवायचा कसा.

मी संकलक आहे. वेगवेगळ्या दिग्दर्शकांच्या गोष्टी एका माळेत ओवण्याचं काम बरंच केलंय, आणि हा चित्रपट एडिट टेबलवर बसणाऱ्याच्या नजरेनं पुन्हा पुन्हा पाहिलाय. त्यामुळे उत्तर त्याच बाजूनं देतो. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून या, कारण पुढे शेवटासकट सगळं उघड केलंय.

पहिली गोष्ट म्हणजे, तुम्ही सुचवताय तो प्रयोग होऊन गेलाय. अमेरिकेत १९४६ मध्ये हा चित्रपट दाखवताना वितरकांनी गोल्फची आणि ख्रिसमसची अशा दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. शंभर मिनिटांहून थोडा मोठा चित्रपट सत्याहत्तरच्या आसपास आला. कागदावर हिशेब चोख होता: हलका भाग गेला, गडद भाग राहिला. पण शेवटच्या दुःस्वप्नात नायक सैरावैरा धावत एकेका गोष्टीत शिरतो, तेव्हा ख्रिसमसच्या पार्टीतली मुलं समोर येतात. ज्यांनी ती गोष्टच पाहिलेली नाही त्यांना ही मंडळी कोण, कुठून आली, काही कळेना. ज्याला भरताड समजून कापलं तो भाग शेवटाला आधार देत होता. तुमच्या मनातली कात्री चालवण्यापूर्वी एवढं ध्यानात घ्या. आणि हो, तुम्ही नक्की कोणती प्रत पाहिलीत तेही बघा. गोल्फ पाहिलंत म्हणजे बहुधा पूर्णच असणार, पण इंटरनेटवर तुकड्यातुकड्यांच्या प्रती फिरत असतात.

आता हा चित्रपट कुणी केला ते पाहू, कारण तुमच्या ‘सूर वरखाली’ या तक्रारीचं निम्मं उत्तर तिथेच आहे. लंडनच्या पश्चिमेला ईलिंग स्टुडिओ होता, प्रमुख मायकेल बाल्कन. पुढे हा स्टुडिओ विनोदी चित्रपटांसाठी गाजला. युद्धाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सेन्सॉरने भयपटांना जवळजवळ दार बंद केलं होतं. युद्ध संपलं आणि सप्टेंबर १९४५ मध्ये हा चित्रपट पडद्यावर आला. त्यात युद्धाचा उल्लेखसुद्धा नाही, हे मला नेहमी विचित्र वाटतं. गेल्या काही महिन्यांपर्यंत डोक्यावर बॉम्ब पडत होते आणि इथे माणसं निवांत चहा पीत भुतांच्या गोष्टी सांगतायत.

दिग्दर्शक चार. बेसिल डिअर्डनकडे शववाहिकेची गोष्ट आणि सगळ्या गोष्टींना बांधणारी चौकट. अल्बेर्तो काव्हालकान्तीकडे ख्रिसमस आणि बाहुली. रॉबर्ट हेमरकडे आरसा. चार्ल्स क्रिक्टनकडे गोल्फ. यातले हेमर आणि क्रिक्टन हे मुळात संकलक. हेमरने हिचकॉकचा ‘जमैका इन’ कापला होता, तर क्रिक्टनने साबू या भारतीय बालनटाचा ‘एलिफंट बॉय’. काव्हालकान्ती मूळचा ब्राझीलचा. तो फ्रान्समधल्या प्रयोगशील सिनेमातून आणि नंतर ब्रिटनच्या माहितीपटांच्या शाळेतून आलेला, आणि ध्वनीचा पक्का जाणकार. म्हणजे चौघांत दोघं कापणारे आणि एक कानाचा तयार. हे दिग्दर्शक एकमेकांच्या सुरात सूर मिसळायला बसलेच नव्हते. ज्यानं त्यानं आपल्या ढंगानं गोष्ट केली आणि जोडण्याची जबाबदारी चौकटीवर टाकली.

म्हणून आधी चौकट. वॉल्टर क्रेग नावाचा वास्तुरचनाकार केंटमधल्या एका शेतघरी येतो. घर वाढवायचंय, म्हणून यजमान फॉली यांनी बोलावलंय. गाडी वळणावर थांबते, तो घराकडे बघतो, मान झटकतो, पुढे निघतो. आत गेल्यावर कळतं की इथली सगळी माणसं त्याने स्वप्नात पाहिली आहेत, पुन्हा पुन्हा. पुढे काय होणार तेही त्याला तुटक तुटक आठवतं: एक काळ्या केसांची बाई येईल, तिच्याजवळ पैसे नसतील. थोड्या वेळात एक बाई येते आणि टॅक्सीला द्यायला पैसे मागते. घरात व्हान स्ट्राटेन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांचा या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. त्यांना पटवायला एकेक जण आपापला अनुभव सांगू लागतो.

साधी युक्ती वाटते, पण यात तीन कामं एकदम होतात. गोष्ट सांगायला कारण मिळतं. प्रत्येक गोष्टीनंतर डॉक्टर शास्त्रीय स्पष्टीकरण देतात, त्यामुळे प्रेक्षकाला श्वास मिळतो आणि ‘असेलही तसं’ म्हणायची सोय होते. आणि क्रेगची अस्वस्थता दर फेरीत एक पायरी चढते. गोष्टी संपत जातात तसं चौकटीतलं घड्याळ पुढे सरकतं. क्रेगला आठवतंय की शेवटी आपल्या हातून काहीतरी भयंकर होणार आहे. तो निघून जायला बघतो, बाकीचे त्याला थांबवतात. म्हणजे ऐकणाऱ्याला गोष्ट ऐकण्याची किंमत मोजावी लागणार, हे सुरुवातीपासून ठरलेलं. आपल्या वेताळपंचविशीत तेच आहे: विक्रम बोलला की वेताळ परत झाडावर. गोष्टी कितीही रंगल्या तरी राजाच्या खांद्यावरचं ओझं प्रेक्षक विसरत नाही. तुमच्या पटकथेचा जो सारांश पाठवलाय त्यात चौघं मित्र शेकोटीभोवती बसून गोष्टी सांगतात. बरं, मग? त्यांच्यापैकी कुणाचं काही बिघडणार आहे का? नसेल तर ती चौकट म्हणजे नुसती सूत्रसंचालकाची खुर्ची.

आता गोष्टींकडे.

शववाहिकेची गोष्ट ई. एफ. बेन्सनच्या १९०६ च्या कथेवरून घेतली आहे. मोटार शर्यतीतला चालक ह्यू ग्रेंजर अपघातातून वाचलाय, रुग्णालयात आहे. रात्र, अंथरुणात वाचन, संगीत चालू. आणि मग ध्वनी गळून जातो. हा क्षण हेडफोन लावून ऐका. अचानक मोठा आवाज करून दचकवण्याची आज जी सवय झालीय, त्याच्या बरोबर उलटं केलंय: खोलीतला आवाज काढून घेतलाय. घड्याळ सव्वाचार दाखवतं. तो पडदा सारतो तर बाहेर लख्ख दिवस. खाली शव वाहून नेणारी घोड्यांची गाडी उभी, आणि गाडीवान वर बघून अदबीनं सांगतो की आत एकाचीच जागा आहे, साहेब. बस्स. बरा होऊन बाहेर पडल्यावर बसच्या दारात तोच चेहरा, तेच वाक्य. ग्रेंजर चढत नाही. बस पुढे जाऊन कठडा तोडून खाली कोसळते. कोसळणारी बस खेळण्यातली आहे हे लहान मूलही ओळखेल, पण काही फरक पडत नाही, कारण भीती आधीच त्या वाक्यात बसलेली आहे. गाडीवान झालेल्या माइल्स मॅलेसनने ते धमकी म्हणून म्हटलेलं नाही. एखाद्या चांगल्या कंडक्टरनं प्रवाशाची सोय बघावी तसं म्हटलंय. तुमच्या नटांना हा शॉट दाखवा आणि भुताला भूत होऊ देऊ नका म्हणावं.

पहिली गोष्ट म्हणून ही निवड अचूक आहे. लहान, स्वच्छ, एका वाक्यात पुन्हा सांगता येणारी. प्रेक्षकाला खेळाचे नियम कळतात. ही शेवटी ठेवली असती तर चुटका वाटली असती.

ख्रिसमसची गोष्ट तुम्हाला ‘एवढंच’ वाटली, आणि वाटणार, कारण तिचा अर्धा भाग पडद्याबाहेर आहे. मोठ्या घरात मुलांची पार्टी. लपंडावाचाच एक उलटा प्रकार चालू: एक जण लपतो आणि ज्याला तो सापडेल त्यानं त्याच्याच जागी जाऊन लपायचं. सॅली भटकत घराच्या आडबाजूच्या खोलीत पोचते. तिथे एक लहान मुलगा रडतोय. नाव फ्रान्सिस केंट. सावत्र बहीण कॉन्स्टन्सची त्याला भीती वाटते. सॅली त्याला थोपटते, गाणं म्हणते, निजवते आणि खाली येते. मग तिला कळतं की या मुलाचा खून त्याच्या बहिणीने १८६० मध्ये केला होता.

ही नावं लेखकाने मनची घातलेली नाहीत. १८६० च्या जूनअखेरीस इंग्लंडमध्ये रोड हिल हाऊस नावाच्या घरात चार वर्षंही पूर्ण न झालेल्या फ्रान्सिस सॅव्हिल केंटचा गळा चिरलेला देह सापडला. स्कॉटलंड यार्डच्या जॅक विचर या गुप्तहेराने सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीकडे, कॉन्स्टन्सकडे बोट दाखवलं. तेव्हा कुणाला ते पटलं नाही आणि विचरचीच नाचक्की झाली. १८६५ मध्ये तिने स्वतः कबुली दिली. फाशी माफ होऊन जन्मठेप झाली, वीस वर्षांनी ती सुटली, ऑस्ट्रेलियात गेली, नाव बदलून परिचारिकेचं काम केलं आणि शंभरी ओलांडून एप्रिल १९४४ मध्ये वारली. म्हणजे चित्रपट पडद्यावर आला तेव्हा ती जाऊन दीड वर्षही झालं नव्हतं. ज्या ब्रिटिश प्रेक्षकाला हे प्रकरण ठाऊक होतं त्याच्यासाठी ‘कॉन्स्टन्स’ हे नाव मुलाच्या तोंडून येताच खोली गार पडत असणार. आपल्याला तो संदर्भ नाही, म्हणून गोष्ट पातळ लागते.

तरी एक गोष्ट संदर्भाशिवायही दिसते. सॅली भुताला घाबरतच नाही, कारण तिच्या लेखी ते भूत नाहीच. तिनं फक्त एका रडणाऱ्या पोराला झोपवलं. भीती येते ती मागाहून, जिना उतरून आल्यावर. सॅलीचं काम करणारी सॅली ॲन हाऊज तेव्हा शाळकरी वयाची होती आणि ‘मी घाबरले नाही’ हे ती ज्या पद्धतीनं म्हणते त्यात सगळं आलं. लहान गोष्ट लहानच ठेवायची हिंमत काव्हालकान्तीने दाखवली. आजचा निर्माता तिथे आणखी दोन धक्के घालायला लावेल.

आरसा. जोन आपल्या होणाऱ्या नवऱ्याला, पीटरला, चिचेस्टरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक आरसा आणून देते. आरशात पीटरला स्वतःची खोली दिसत नाही. वेगळीच दिसते: जुनी, अंधारी, पेटलेली शेकोटी, चार खांबांचा पलंग. जोन शेजारी उभी असते, पण आरशात तो एकटाच. पुढे कळतं की हा आरसा १८३६ मध्ये एथरिंग्टन नावाच्या माणसाच्या खोलीत होता. घोड्यावरच्या अपघाताने तो अंथरुणाला खिळला, संशयाने पोखरला गेला, बायकोचा गळा आवळला आणि आरशासमोर बसून स्वतःचा गळा चिरला. पीटर हळूहळू त्याच वाटेनं जाऊ लागतो.

माझ्या मते दिग्दर्शन म्हणून ही सर्वांत पक्की गोष्ट आहे, बाहुलीपेक्षाही. हेमरने हिची मांडणी लग्नाची गोष्ट म्हणूनच केली आहे. गूगी विदर्सची जोन समंजस, व्यवहारी, थोडी अधीर. नवरा विचित्र वागतोय तर त्याला धीर द्यायचा, हात धरून आरशासमोर उभं करायचं आणि ‘नीट बघ’ म्हणायचं. आणि ते जमतंही, थोडा वेळ. मग संशय, टोमणे, खोटे आरोप. आरसा काढून टाकला तरी हे दृश्य एखाद्या कडवट कौटुंबिक नाटकात बसेल. जोनला स्वतःला ती खोली कधी दिसते? नवऱ्याने गळ्याभोवती फास आवळल्यावर. तोवर तिने विश्वास ठेवलेला नसतो. त्या क्षणी ती आरसा फोडते आणि पीटरला काहीच आठवत नाही. तुमच्या दुसऱ्या कथेत, त्या वाड्यातल्या सुनेच्या गोष्टीत, नेमकं हेच हवंय. तिथे भूत पहिल्या पानावर येतं आणि नवराबायकोचं नातं शेवटपर्यंत येतच नाही.

हेमर पुढे ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’सारखा चित्रपट करून गेला. त्याची बीजं इथे दिसतात, पण तो वेगळा विषय.

आता गोल्फ. मूळ कथा एच. जी. वेल्सची. त्यात क्लबात बसलेला एक गृहस्थ एका अजागळ भुताची हकीकत सांगतो. ते भूत परत जायच्या हातवाऱ्यांची खूण विसरलेलं असतं. शेवटी सांगणारा गंमत म्हणून तेच हातवारे मित्रांसमोर करतो आणि जागीच मरून पडतो. विनोदातून एकदम गार वारा. चित्रपटाने तो शेवट टाकला आणि गोष्ट पूर्ण फार्सकडे वळवली. दोन गोल्फवेडे, पॅरट आणि पॉटर, एकाच मुलीच्या प्रेमात. निकाल अठरा होल्सच्या सामन्यावर. पॅरट लबाडी करून जिंकतो. पॉटर शांतपणे चालत तळ्यात जातो आणि बुडतो. मग भूत होऊन पॅरटच्या मानगुटीवर बसतो, आणि अदृश्य होण्याचे हातवारे विसरल्याने तिथेच अडकतो. ऐन लग्नाच्या रात्री हातवारे आठवायच्या खटपटीत पॅरटच नाहीसा होतो आणि पॉटर उरतो, नवरीच्या खोलीबाहेर. बेसिल रॅडफर्ड आणि नॉन्टन वेन ही जोडी हिचकॉकच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’ पासून ब्रिटिश प्रेक्षकांची लाडकी. त्यांच्या तोंडी काहीही दिलं तरी थिएटर हसणार, ही खात्री इथे जरा जास्तच वापरली आहे. गोष्ट लांबली आहे. माझ्या हाती असती तर मधल्या भुताच्या गमतीजमती निम्म्यावर आणल्या असत्या.

पण काढली नसती, आणि याचं कारण ‘थोडा विरंगुळा हवा’ एवढंच नाही. शेवटच्या तीन गोष्टी ओळीनं ठेवून बघा. आरशात एका माणसाच्या अंगात दुसरा माणूस शिरतो. गोल्फमध्ये एक माणूस नाहीसा होतो आणि त्याच्या जागी, त्याच्या बायकोपाशी, दुसरा पोचतो. बाहुलीत एक माणूस संपतो आणि त्याच्या तोंडून दुसराच बोलू लागतो. तीनदा तीच घटना: एकाची जागा दुसरा घेतो. मधली हसत हसत सांगितली आहे इतकंच. नीट पाहिलं तर ती गोष्ट आत्महत्येची, फसवणुकीची आणि पैजेवर लावलेल्या बाईची आहे, आणि आपण तिला हसतोय. त्यानंतर बाहुली येते तेव्हा तोच ऐवज समोर येतो, पण आता हसू येत नाही. सावध झालेला प्रेक्षक एव्हाना सैल बसलेला असतो. यजमान फॉलीदेखील ही गोष्ट सांगतो ती वातावरण हलकं करायलाच, म्हणजे चौकटीतही तिला कारण आहे. आणि चित्रपटाला पुढे जे करायचंय त्यासाठी खोलीतल्या माणसांचं आणि आपलं, दोघांचंही लक्ष तेवढा वेळ क्रेगवरून उडणं गरजेचं होतं.

तेव्हा ‘कच्ची गोष्ट’ आणि ‘चुकीची गोष्ट’ यांत फरक करा. गोल्फची कच्ची आहे. चुकीच्या जागी नाही.

बाहुलीबद्दल सगळे लिहितात, मी दोनच गोष्टी सांगतो. मायकेल रेडग्रेव्हचा मॅक्सवेल फ्रिअर हा शब्दभ्रमकार, त्याची बाहुली ह्यूगो. बोलकी बाहुली म्हटलं की आपल्याकडे पाध्यांचा अर्धवटराव डोळ्यांसमोर येतो. चारचौघांत कुणालाही टपली मारणारा, आगाऊ, पण घरातला. ह्यूगोही तसाच आगाऊ बोलतो, फक्त त्याच्या टपल्या मालकालाच बसतात. पॅरिसच्या क्लबात तो उघडपणे दुसऱ्या शब्दभ्रमकाराशी, सिल्व्हेस्टर कीशी, सलगी करतो: मला तुझ्याकडे यायचंय. फ्रिअरचा चेहरा बघा त्यावेळी. स्वतःच्याच हाताने आणि आवाजाने स्वतःचा अपमान करून घेणारा माणूस, आणि त्याला खरोखर लागलंय. पुढे तो कीवर गोळी झाडतो, कोठडीत ह्यूगोला चिरडतो, आणि शेवटी रुग्णालयात सिल्व्हेस्टर भेटायला येतो तेव्हा फ्रिअरच्या तोंडून आवाज निघतो तो ह्यूगोचा. रेडग्रेव्हने त्या शॉटमध्ये जबडा बाहुलीसारखा हलवलाय. तिथे संगीताची, सावल्यांची काही मातब्बरी नाही. नुसता जबडा.

दुसरी गोष्ट संकलकाची. ही गोष्ट सांगतात ते व्हान स्ट्राटेन, म्हणजे खोलीत भुताखेतांवर विश्वास नसलेले एकमेव. त्यांच्या कथनात कीचा जबाब येतो आणि त्या जबाबाच्या आत मूळ घटना. क्रेगचं स्वप्न, स्वप्नात डॉक्टरांची गोष्ट, गोष्टीत जबाब. इतक्या पदरांआड गेल्यावर प्रसंग दूरचा वाटायला हवा, पण होतं उलट. ऐकीव गोष्टींच्या ढिगातून कागदोपत्री नोंद असलेली एक हकीकत पुढे येते, तीही डॉक्टरच्या तोंडून. सर्वांत अविश्वसनीय गोष्ट सर्वांत विश्वासार्ह माणसाला देणं, ही या पटकथेची सर्वांत हुशार चाल आहे.

मग डॉक्टरांचा चष्मा फुटतो. क्रेगने आधीच सांगितलेलं असतं की चष्मा फुटेल तेव्हा स्वप्नाचं दुःस्वप्न होईल. खोलीत दोघंच उरतात आणि क्रेग डॉक्टरांचा गळा आवळतो. इथून पुढची काही मिनिटं म्हणजे आधीच्या गोष्टींचा चुरा: ख्रिसमसचा लपंडाव, क्लबातली गर्दी, कोठडी, कोठडीच्या दारात तोच गाडीवान आणि तेच वाक्य, आणि आत खुर्चीवर बसलेला ह्यूगो, जो आता उठून चालतो. कॅमेरा कलंडलेला, चेहरे अंगावर येणारे, जॉर्ज ओरिकचं संगीत बेफाम. प्रत्येक गोष्टीतून एकेक तुकडा घेतल्यामुळे प्रेक्षकाला ओळख पटते आणि धरायला काही मिळत नाही. मग क्रेग बिछान्यात जागा होतो. फोन वाजतो. फॉली नावाच्या कुणाचं तरी आमंत्रण. बायको म्हणते, जाऊन ये, गावाकडची हवा लागली की स्वप्नं थांबतील. आणि तीच गाडी त्याच वळणावर.

या गोल फिरणाऱ्या शेवटाचा एक दूरचा धागा पुण्यापर्यंत येतो. केंब्रिजमधल्या फ्रेड हॉइल, हर्मन बॉन्डी आणि टॉमी गोल्ड या तिघा शास्त्रज्ञांनी हा चित्रपट पाहिला, आणि हॉइल यांनी सांगितल्याप्रमाणे गोल्डनी त्यावरून सवाल टाकला की विश्वाची रचनाच अशी असली तर? ना सुरुवात, ना शेवट, सतत बदलूनही एकूणात तसंच. १९४८ मध्ये स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला गेला. पुढे हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर त्याच वाटेनं बराच काळ चालले. महास्फोटाची खूण मानल्या गेलेल्या पार्श्वप्रारणाचा शोध लागल्यावर बहुतेक शास्त्रज्ञांनी ती कल्पना सोडली, नारळीकरांनी तिचा सुधारित अवतार नेटानं मांडला. भयपटाच्या शेवटातून विश्वरचनाशास्त्र निघण्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पुढे साठ-सत्तरच्या दशकांत ॲमिकस या कंपनीनं हाच साचा घेऊन ओळीनं भयकथासंग्रह काढले. १९६५ चा ‘डॉ. टेरर्स हाऊस ऑफ हॉरर्स’ त्यातला पहिला: आगगाडीचा डबा, पाच प्रवासी, टॅरोची पानं घेऊन बसलेला पीटर कुशिंग. मजा येते, पण चौकटीचा शेवट दोन चित्रपटांनंतर ओळखू येऊ लागतो, कारण तो बहुधा ‘हे सगळे आधीच मेलेले आहेत’ असाच. चौकट झाकणासारखी वर बसवलेली. ‘डेड ऑफ नाइट’मध्ये ती गोष्टींत झिरपते. तुम्ही अभ्यासाला ॲमिकसचेही दोनतीन बघा, काय टाळायचं ते कळायला.

आता तुमच्या चार कथा. बसस्टँडवरची सर्वांत लहान आणि सर्वांत स्वच्छ आहे, ती पहिली लावा. तुम्ही ती शेवटी ठेवलीय कारण तिचा धक्का मोठा आहे. धक्का मोठा आहे, पण त्यानंतर मनात काही उरत नाही. वाड्याची दुसरी, मात्र नवराबायकोवर आणखी लिहून. विनोदी कथा, जिच्यावरून तुमचं भांडण चाललंय, ती तिसरी, आणि तीन-चार मिनिटं तरी कमी करा. विहिरीची शेवटी. आणि ती आजीला सांगायला लावू नका. आजी भुताची गोष्ट सांगणार हे कुणालाही अपेक्षितच आहे. तुमच्या शेकोटीवर जो इंजिनिअर सगळ्यांची टिंगल करतोय, त्याच्या तोंडी ती द्या.

शूटिंगच्या वेळचं एक. चौकटीचे प्रसंग घेताना सगळा कॅमेरा बोलणाऱ्यावर ठेवू नका. प्रत्येक गोष्टीच्या आधी आणि नंतर, चौघांपैकी प्रत्येकाचे ऐकतानाचे शॉट वेगळे घ्या, संवादाशिवाय, लांब. कोण हसतोय, कोण शेकोटीत काड्या टाकतोय, कोणाचं लक्ष दुसरीकडेच आहे. क्रम एडिटवर दोनदा तरी बदलणार, आणि तेव्हा हेच शॉट हाताशी लागतात. ते नसले तर गोष्टींची अदलाबदल करता येत नाही आणि मग नाइलाजानं वर आवाज चिकटवावा लागतो. खोलीतला, म्हणजे तुमच्या बाबतीत अंगणातला, नुसता शांत आवाजही दरवेळी मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवा. शववाहिकेच्या प्रसंगासारखा तो कधी काढून घ्यायचा झाला, तर आधी तो असायला हवा.